पदराची उलटी बाजू

पैठणी घ्यायला गेलेली जाणती बाई दुकानात आधी काय करते? दुकानदार पदर पसरून मोर दाखवत असतो, जर उजेडाकडे फिरवत असतो, आणि ती काही न बोलता पदर उलटा करते. मागे धागे कातरलेले, सुटलेले, जाळीसारखे लोंबत असतील तर साडी बाजूला पडते. मागेही तोच मोर तेवढाच नेटका दिसला, तर भावाची बोलणी सुरू होतात. कलासमीक्षेची इतक्या कमी शब्दांची आणि इतकी नेमकी पद्धत मला दुसरी माहीत नाही. ती पद्धत संग्रहालयाच्या दालनात नेऊन पाहिली तर काय हाती लागते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अडचण उघड आहे. संग्रहालयात कापडाला हात लावता येत नाही, मग उलटे करणे दूरच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मी केवळ वस्त्रांसाठी म्हणून तीन-चार वेळा गेलो आहे. मी राहतो पोलादपूरला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. या घाटाखाली जे कापड पाहत वाढलो, म्हणजे घोंगडी आणि गोधडी, ते त्या काचेपुढे उभे राहताना सारखे मध्ये येत राहिले. शालींच्या आणि पैठण्यांच्या राज्यात घोंगडीने नाक खुपसावे हे काहींना आवडणार नाही. पण कापडाविषयीचे माझे सगळे प्रश्न तिनेच शिकवले आहेत, त्याला माझा इलाज नाही.

आधी एका शब्दाचा उलगडा करायला हवा. 'टॅपेस्ट्री' हा शब्द आपण भिंतीवर टांगलेल्या कोणत्याही चित्रवस्त्राला सर्रास लावतो. विणकाराच्या दृष्टीने तो एका विशिष्ट विणीचा शब्द आहे. साध्या विणीत बाण्याचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातो. टॅपेस्ट्रीच्या विणीत तसे होत नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंतच जातो, शेजारच्या रंगाशी गुंततो आणि मागे फिरतो. म्हणजे कापड आधी आणि चित्र मागून असा क्रमच नसतो. चित्र उसवले तर कापडही उरत नाही. या अर्थाने फ्रान्समधली जगप्रसिद्ध 'बायो टॅपेस्ट्री' ही टॅपेस्ट्री नाहीच. ते सुमारे ७० मीटर लांबीच्या तागाच्या कापडावर केलेले भरतकाम आहे. आणि याच अर्थाने आपल्या पैठणीचा पदर मात्र अस्सल टॅपेस्ट्री आहे. येवल्याचा विणकर पदरातला एकेक मोर, एकेक पोपट वेगवेगळ्या तिल्ल्यांवरच्या रेशमाने जरीच्या जमिनीत गुंतवत जातो. बांगडी मोर, असावली, मुनिया ही नावे ज्या नक्षीची आहेत ती वरून भरलेली नसते, छापलेलीही नसते. ती म्हणजेच कापड. म्हणून तिला उलटी बाजू जवळजवळ नसते.

संग्रहालयांतल्या काश्मिरी शालींचेही तेच. कानी शाल ही तिरप्या विणीतली टॅपेस्ट्री आहे. लाकडाच्या बारीक काड्यांवर, म्हणजे 'कानीं'वर, गुंडाळलेले रंगीत धागे शेकड्यांनी मागावर लोंबत असतात. कोणता धागा कोठवर न्यायचा हे 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत कागदावर मांडलेले असते आणि त्याबरहुकूम विणकर काम करतात. मोठ्या शालीला वर्ष-दीड वर्षही लागे. युरोपात या शालींचे वेड पसरले, तेव्हा स्कॉटलंडातल्या पेझली गावाने आणि फ्रान्समधल्या लिआँ शहराने जकार्ड मागावर त्यांच्या नकला काढल्या. त्या नकला समोरून भल्याभल्यांना फसवतात. मागून फसवत नाहीत. जकार्डवर न लागणारा रंग कापडाच्या पाठीवरून तरंगत जातो आणि शेवटी तो कातरावा लागतो. पैठणीच्या दुकानातली बाई जी खूण शोधते, तीच खूण एकोणिसाव्या शतकातल्या शालींचे अभ्यासक शोधतात. यंत्राची नक्कल नेहमी पाठीवर पकडली जाते, असा नियमच सांगता येईल.

काही कारागिरांनी तर पाठ हीच ईर्षा मानली. चंब्याच्या रुमालावरचे दोरुखा भरतकाम दोन्ही बाजूंनी सारखे असते, गाठ कुठेच दिसत नाही. काश्मिरातही दोन्ही अंगांनी पाहता येतील अशा दोरुखा शाली निघाल्या. फ्रान्समध्ये आंजे येथील किल्ल्यात 'प्रकटीकरणा'ची टॅपेस्ट्री आहे. आंजूचा ड्यूक लुई पहिला याने ती १३७३ च्या सुमारास करवायला घेतली. आज तिची १०० मीटरच्या आसपास लांबी शिल्लक आहे. बहुतेक युरोपीय टॅपेस्ट्रींच्या मागे धाग्यांची टोके लोंबत असतात. हिची टोके मात्र आत घेऊन पाठही समोरच्याइतकीच पुरी केली आहे. मी ती छायाचित्रांतच पाहिली आहे, पण एकदा समोरची आणि मागची छायाचित्रे शेजारी शेजारी पाहिल्यावर विसरणे अशक्य. समोरचे रंग सहा शतकांच्या उजेडाने विटले, अस्तराखाली राहिलेल्या पाठीवर ते हिरवे-निळे-लाल अजून ताजे आहेत. आज त्या विणकरांना काय दिसत होते हे पाहायचे तर पाठ पाहावी लागते.

या टॅपेस्ट्रीची मधली गोष्ट मला जास्त जवळची वाटते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिचे तुकडे झाले. थंडीत संत्र्याची झाडे झाकायला, तबेल्यात घोड्यांच्या अंगाला भिंत लागू नये म्हणून, पायपुसणे म्हणून ती वापरली गेली. कलेतिहासकार हा भाग खेदाने सांगतात आणि तो खेद योग्यच आहे. पण आमच्या बाजूच्या माणसाच्या मनात दुसराही विचार येतो : कापडच ते. थंडीत झाड झाकायला लोकांनी चित्र का घेतले असेल? ते उबदार होते म्हणून.

उबेपाशी येताच घाटाकडे यावे लागते. आंबेनळी घाट पोलादपूरला महाबळेश्वराशी जोडतो. प्रतापगड त्याच्या माथ्याजवळ आहे. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच डोंगराच्या उताराला आमची गावे नि धनगरवाडे आहेत. या पावसात मेंढी जगत नाही. म्हणून आमच्याकडचे गवळी धनगर म्हशी-गाई पाळतात आणि लोकर मात्र देशावरची असते. डोंगराच्या पलीकडे, पाऊस तुटपुंजा पडणाऱ्या माळरानावर दख्खनी मेंढी चरते, तिची काळी लोकर सणगर आणि खुटेकर धनगर विणतात, आणि तिथली घोंगडी आमच्या पावसात उभी राहते. ज्या मुलखात ती जन्मते तिथे पाऊस नाही आणि ज्या मुलखात पाऊस आहे तिथे ती जन्मत नाही. घाट आहे म्हणून दोघांची गाठ पडते.

घोंगडी ही चित्रवस्त्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिच्यात चित्र नाही, रंगवलेला धागा नाही. असला तर काठाला एखादा पांढऱ्या लोकरीचा पट्टा. खड्ड्याच्या मागावर ती विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन कुंच्याने ती सारखी करतात. नवी घोंगडी या खळीमुळेच ताठ आणि टोचरी असते. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची, असेल तर मऊ. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही ओली लागत नाही. म्हणून खोळ करून डोक्यावरून घेतलेली घोंगडी भर पावसात अंग गरम ठेवते. तिला सरळ बाजू नाही आणि उलटीही नाही. पैठणीच्या विणकराला जे कौशल्याने साधावे लागते, ते हिच्यात आपोआप येते, कारण कोणाला काही दाखवायचेच नसते.

गोधडीचे थोडे वेगळे. वर लुगडे, खाली लुगडे, मध्ये घरातले विरलेले कपडे, आणि काठापासून आत आत चौकोनात फिरत जाणारा धावदोरा. घाटाखालच्या एका वाडीत मी एका म्हाताऱ्या बाईंना त्यांची गोधडी उलगडून दाखवायला सांगितली. त्यांनी पसरली ती साध्या, एकरंगी बाजूने. मला ठिगळांची, रंगीत तुकड्यांची बाजू हवी होती. मी विचारले, "काकू, हिची सरळ बाजू कुठली?" त्या म्हणाल्या, "मळकी खाली, मऊ अंगाला. सरळ-उलटी तुमच्या शर्टाला रं बाबा." मग आपण होऊन तुकडे दाखवू लागल्या : हे थोरल्याचे सदऱ्याचे, हे नणंदेच्या लुगड्याचे, हे मुंबईहून मालकांनी आणलेल्या कापडाचे. त्यांच्या यजमानांची नोकरी गिरणीत होती. त्या गोधडीचा आतला थर मात्र त्यांनाही दिसत नव्हता. "आत काय काय हाय ते आता मलाच ठावं नाय," असे म्हणून त्या हसल्या.

गोधडीला भिंतीवर चढवायचे कसे, हा प्रश्न अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी उभा राहिला. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली तिथल्या गोधड्या भिंतीवर उभ्या टांगून अमूर्त चित्रांसारख्या दाखवल्या, आणि त्या चित्रांसारख्याच भारदस्त दिसल्या. पुढे अलाबामातील जीज् बेंड या वस्तीतल्या काळ्या स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली त्याच संग्रहालयात आल्या. त्या प्रदर्शनांनी या बायकांना कलावंत म्हणून नाव मिळवून दिले, हे कमी नाही. पण ज्या क्षणी गोधडी उभी टांगली, त्या क्षणी तिची एक बाजू भिंतीकडे गेली आणि तिचे वजन नाहीसे झाले. अंगावर घेतलेली गोधडी जड असते. ते जडपण हाही तिचा गुण आहे. चित्राच्या कसोटीला उतरली म्हणून गोधडी मोठी ठरली, असे म्हणण्यात तिच्यापेक्षा चित्राचाच मान मला जास्त दिसतो.

संग्रहालयाची बाजूही मांडली पाहिजे. उजेड कापडाचा शत्रू आहे. म्हणून वस्त्रदालनात ५० लक्सच्या आसपास, म्हणजे संध्याकाळसारखा, प्रकाश ठेवण्याचा दंडक आहे. आपण डोळे ताणतो आणि कुरकुरतो, पण आंजेच्या टॅपेस्ट्रीची विटलेली समोरची बाजू आठवली की कुरकुर थांबते. टांगलेले रेशीम स्वतःच्या वजनाने फाटत जाते. हाताच्या घामाने जर काळवंडते. मुंबईच्या या संग्रहालयाची स्वतःची संवर्धन-कार्यशाळा आहे, आणि तिथे जुन्या वस्तूंवर चालणारे काम दालनात कोणाला दिसत नाही. तेव्हा 'हात लावू द्या' ही मागणी मी करणार नाही. माझी मागणी साधी आहे : पाठीचे छायाचित्र शेजारी लावावे. किंवा मागे आरसा. परदेशातल्या काही दालनांत असे करतात, आपल्याकडेही कुठे कुठे करू लागले आहेत. वस्त्रदालनात नियम म्हणूनच ते हवे.

आता समकालीन कलेकडे वळतो. त्यासाठी इमारतीबाहेरही जावे लागत नाही. याच संग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह आहे. निकल्सन कापसाच्या धंद्यातले. कापसाचा पैसा, आणि त्या पैशाने घेतलेली चित्रे पुन्हा विणलेल्या कापडावरच. कॅनव्हास म्हणजे अखेर ताणाबाणाच, फक्त रंगाखाली गडप झालेला. आमच्याच रायगड जिल्ह्यात, नागावला जन्मलेले प्रभाकर बरवे आयुष्याचा मोठा काळ विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी वाराणसीला आणि मग मुंबईत. हातमागाच्या विणकरांना नवे आकृतिबंध पुरवण्यासाठी सरकारने ही केंद्रे काढली, आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे चित्रकारही तिथे काम करून गेले. बरव्यांच्या पुस्तकाचे नाव 'कोरा कॅनव्हास' आहे. त्यांच्या चित्रांतल्या वस्तू मोकळ्या जागेत जशा एकट्या, अंतर राखून ठेवलेल्या दिसतात, तिथे मला कापडावर बुट्टी कुठे ठेवायची याचा रोज विचार करणारा माणूस दिसतो. हे माझे वाचन आहे, त्यावर मतभेद होऊ शकतो.

पण बरव्यांनी कापड सोडून चित्र केले. कापडातच राहून नवे काय करता येते, याचे उत्तर मुंबईच्याच मोनिका कोरिया यांच्या कामात आहे. त्यांनी अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल या मूळच्या फिनिश विणकर-शिक्षिकेकडे धडे घेतले. मागातली फणी ताण्याचे धागे सारख्या अंतरावर, समांतर ठेवते. कोरिया यांनी विणता विणता फणी मध्येच काढून घेण्याची युक्ती केली. शिस्त सुटलेले उभे धागे मग वाहत्या पाण्यासारखे इकडेतिकडे वळतात. जो धागा एरवी बाण्याखाली दडून कापड तोलून धरतो, तो स्वतःच चित्र होतो. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी तर माग सोडलाच. सणाच्या दोराला गाठीवर गाठ मारत त्यांनी माणसाहून उंच, वनदेवतांसारख्या आकृती उभ्या केल्या. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांनी १९६२ च्या पहिल्या लोझान टॅपेस्ट्री बिएनालेपासून जे आरंभले, ते मुखर्जींनी इथे स्वतंत्रपणे, आपल्या मुळांवरून केले. या कामांभोवती आपण फिरतो. त्यांना पाठ नसते, म्हणजे कुठेही उभे राहिले तरी तीच बाजू समोरची. घोंगडीला जे सहज होते, ते त्यांनी विचाराने मिळवले आहे. आणि जे समकालीन वस्त्रकलाकार केवळ भिंतीवर जाड रंगीत धाग्यांचे गालिचे टांगतात, त्यांच्याविषयी मला फारसे बोलावेसे वाटत नाही. ते पेझलीच्या शाली विणत आहेत.

आतापर्यंत पाठ म्हणजे कापडाची पाठ, इतकेच मी धरले होते. पण काश्मिरी शालीखालच्या पाटीवर 'काश्मीर, एकोणिसावे शतक' एवढे वाचले की आणखी एक पाठ खुणावते. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरात शालीच्या विणकरांनी जुलमी करांविरुद्ध मोर्चा काढला. महाराजा रणबीरसिंहाच्या सैनिकांनी तो मोडला आणि त्यात विणकर मेले. युरोपातल्या राण्यांच्या खांद्यावर ज्या वर्षांत या शाली होत्या, त्याच वर्षांतली ही गोष्ट. पाटीवर तिला दोन ओळी जागा मिळायला हरकत नसावी.

आणि इथे गोष्ट थेट आमच्या घरापर्यंत येते. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या जागेवर मुंबई महापालिकेचे वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचे आहे. वर्षानुवर्षे त्याची चर्चा चालू आहे. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी स्थापन केली, तेव्हापासून कोकणातले नि घाटावरचे पुरुष गिरणगावात गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि बरेचसे पुन्हा कामावर आलेच नाहीत. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात ती माणसे बोलतात. त्या संग्रहालयात माग असतील, भोंगा असेल, जुनी छायाचित्रे असतील. तिथे धोटाही नक्कीच ठेवला जाईल : गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना धातू, पोटात कांडी, बाजूला बारीक छिद्र. दिसायला फार देखणी वस्तू. काचेखाली ती शिल्पासारखी दिसेल.

त्या छिद्राचे काय? कांडी बदलली की धाग्याचे टोक त्या छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि ते विणकर तोंड लावून ओढून घेत. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, जिथे मजुरी अधिक, प्रवेश नव्हता. त्यांच्या वाट्याला सूतकताईची कमी पगाराची खाती आली. महाडला चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. वर्षभराने, १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात, विणकाम खात्यातली ही बंदी उठवा अशी मागणी त्यांनी लावून धरली. तळ्याचे पाणी आणि धोट्याचे छिद्र, दोन्हीकडे प्रश्न ओठांच्या स्पर्शाचाच होता. महाड-पोलादपूरकडच्या वाड्यावस्त्यांतून गिरणीत गेलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एक विणकाम खात्यात आणि दुसरा सूतखात्यात का, याचे उत्तर त्या छिद्रात आहे. दोघांचेही कापड बाजारात एकच तागा म्हणून गेले.

काळाचौकीला जेव्हा केव्हा दालन उघडेल तेव्हा धोटा छिद्र वर करून ठेवावा. पाटी मराठीत असावी, आणि खाली आणखी एक वस्तू हवी. गिरणीच्या कापडाचे उरलेले तुकडे गावाकडे येत, आणि त्यांच्या गोधड्या होत. आंबेनळीखालच्या कोणत्याही वाडीत अशी गोधडी अजून मिळेल. ती भिंतीवर नको. बाजल्यावर घडी घालून ठेवावी, मऊ बाजू वर.